बाळगुटीतला मध

नातवाच्या नाकातून दूध आलं आणि तो माझ्या मांडीवर निळा पडला. आधी ओठ, मग नखं. मी त्याला पालथा केला, पाठीवर थापट्या मारल्या. दूध गळून गेलं, पण पोर रडलं नाही. तोंड उघडत होतं आणि आवाज येत नव्हता. मान अशी लोंबत होती की हातात ओलं फडकं धरलंय असं वाटावं. डोळे अर्धे मिटलेले. मी बोटानं पापणी वर केली तर बुबुळ माझ्याकडे वळलं. म्हणजे पोर शुद्धीत होतं. त्याला कळत होतं, फक्त काही हलवता येत नव्हतं. मी सत्तरी ओलांडली आहे. मेलेली पोरं पाहिली आहेत, मरायला टेकलेलीही पाहिली आहेत. असं जागं राहून लुळं पडलेलं पोर मी पहिल्यांदा पाहिलं.

"आत्याबाई, काय झालं त्याला?" सून दारातून ओरडली. तिच्या खांद्यावर दुसरं पोर होतं. जुळी होती, हा मुलगा आणि त्याची बहीण. दोन महिन्यांचीही झाली नव्हती.

"गाडी बघ," मी म्हणाले. "काय झालं ते इचारत बसू नगस."

शेळीचं करडू जन्मल्यावर श्वास घेत नसेल तर त्याच्या नाकात फुंकर घालतात. मला तेवढंच येत होतं. मी पोराचं नाक-तोंड माझ्या तोंडात धरलं आणि हळू फुंकलं. छाती वर आली. पुन्हा फुंकलं. ओठांचा निळा रंग थोडा उतरला. शेजाऱ्याचा कांद्याचा पिकअप अंगणात येईपर्यंत मी फुंकत राहिले.

ते घर माझं नव्हतं. विहिणीचं होतं, सुनेच्या आईचं. तिसगावच्या पुढे, डोंगराच्या कडेला त्यांची वस्ती आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणून सून तिथं होती. मी आमच्या गावी, शेवगावकडे. माझा मुलगा साखर कारखान्याच्या हंगामात श्रीगोंद्याला उसाचा ट्रॅक्टर चालवतो, त्यामुळे तोही घरी नव्हता. जुळी झाल्यावर विहिणीचा फोन आला. "ईनबाई, दोन लेकरं आन् एक बाळंतीन. माझे हात पुरंना झालेत. तुमी या." जावयाच्या आईनं विहिणीच्या घरी मुक्काम टाकायचा, हे आमच्याकडे कुणाला शोभत नाही. पण दोन लेकरांपुढे शोभेचं काय घेऊन बसता. मी गेले.

मी गेले त्याच दिवशी तिनं मला टोमणा मारला. "आमच्याकडची भाकर तुमच्या गळ्याखाली उतरंल ना? तुमी शेवगावची मानसं, तुमच्याकडं कालवा आलाय म्हनं."

"कालव्याचं पानी शेवटच्या शेताला पोचतच न्हाई," मी म्हणाले. "भाकर वाढा."

आमचं तसं बरं जमायचं. ती माझ्यासारखीच तोंडाची फटकळ. पण तिच्याकडे एक विद्या होती आणि तिला तिचा अभिमान होता. ती विद्या म्हणजे मध. तिचा बाप डोंगरात मोहोळ झाडायचा, आता भाऊ झाडतो. धूर करून माश्या उठवायच्या, पोळं कापून आणायचं, फडक्यातून मध गाळायचा. आग्या मोहळाचा मध ती मोठ्या माणसांना द्यायची. बोरीच्या झुडपात फुलोरी माशीचं तळहाताएवढं पोळं मिळतं, त्याचा मध लेकरांसाठी राखून ठेवायची. तो फार थोडा निघतो. बाटली देवाच्या फळीवर, देवांच्या शेजारी असायची.

आसपासच्या वस्त्यांवरून माणसं यायची. खोकला झाला तर अडुळशाच्या रसात मध. तोंड आलं तर मध. भाजलं तर मध. पोळ्याचं मेण खोबरेल तेलात वितळवून टाचेच्या भेगांत भरायची. हे सगळं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. तिच्याच चुलीपाशी माझ्या मनगटावर उकळतं तेल उडालं होतं. तिनं मध लावला, वर स्वच्छ फडकं बांधलं, रोज बदललं. जखम न चिघळता भरली. नंतर नगरच्या दवाखान्यात भेटलेल्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं की मधानं जखम भरते हे त्यांच्या पुस्तकातही आहे, पण त्यासाठी जंतू मारून तयार केलेला मध वेगळा असतो. मात्र याच विहिणीकडे एक साखरेचा रोगी पायाच्या अंगठ्याची जखम घेऊन आला होता. तिनं त्यालाही मधच बांधला. अंगठा काळा पडला आणि शेवटी नगरला नेऊन कापावा लागला. विहीण म्हणाली, तो उशिरा आला. उशिरा आलाच होता. पण मध बांधून बसल्यामुळे आणखी उशीर झाला, हे ती बोलली नाही.

जुळी तालुक्याच्या दवाखान्यात झाली. घरी आणल्याबरोबर विहिणीनं सहाण घेतली, तिच्यावर मधात सोन्याची अंगठी उगाळली आणि दोघांच्या जिभेला चाटवली. त्यानंतर रोज सकाळी न्हाऊ घातलं की बाळगुटी. वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरुडशेंग, हिरडा, बदाम, खारीक. एकेक जिन्नस सहाणेवर फिरवायचा आणि मधात कालवून बोटानं जिभेवर ठेवायचा. पोरं मिटक्या मारायची.

आशाताई वस्तीवर यायची. शिकलेली, गावातलीच सून. ती दरवेळी बजावायची, "मावशी, सहा महिने फक्त आईचं दूध. पाणीसुद्धा नाही. गुटी नाही, मध नाही."

"न्हाई वं बाई, आमी कशाला देतोय," विहीण म्हणायची. आशाताई बांधापलीकडे गेली की हसायची. "हिच्या सासूचा खोकला माझ्याच मधानं गेला. आन् ही मला शिकवाया आली."

मी तिथंच बसलेली असायचे. मी काही बोलले नाही, कारण बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. माझ्या पोरांना मध चाटवला होता, मलाही माझ्या आजीनं चाटवला असणार. आणि वाटलं असतं तरी विहिणीच्या घरात जावयाच्या आईनं तोंड उघडलं की तो टोमणाच धरतात.

मुलगा जन्मताच वजनाला कमी होता, मुलगी बरी होती. म्हणून विहीण मुलाला गुटीशिवाय दुपारीही मधाचं बोट द्यायची, अंगात ताकद यावी म्हणून. मुलीला बोटाला राहिलेलं. "पोरगा हाय आन् बारीक बी हाय," ती म्हणायची. दोन्ही कारणं ती सरळ सांगायची, लपवायची नाही. सुनेला ते आवडत नव्हतं, पण मध आवडत नव्हता म्हणून नाही. मुलीला कमी मिळतो म्हणून. "आये, तिला बी दे की जरा," ती म्हणायची. मग विहीण मुलीच्या जिभेवरही एक बोट ठेवायची.

मग मुलाला शी होईना झाली. आईच्या दुधावरच्या पोराला कधीकधी दिवस दिवस होत नाही, म्हणून आधी कुणी मनावर घेतलं नाही. पोट टम्म दिसायला लागल्यावर विहिणीनं हिरडा वाढवला आणि मधही. मधानं पोट साफ होतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी झाली नाही. मग आणखी दिला. त्या घरात त्या दिवसांत जे जे केलं ते पोराला बरं वाटावं म्हणूनच केलं, आणि त्यातलं प्रत्येक बोट पोराला खाली खेचत होतं.

पोराचं रडणं बारीक झालं. मांजराचं पिल्लू पोत्याखाली सापडल्यावर करतं तसं. बघायला आलेल्या बायका म्हणायच्या, "किती गुणाचं लेकरू वं, जरा तरास न्हाई." आम्हालाही बरं वाटायचं. दोनातलं एक गप्प आहे, तेवढीच झोप मिळते. मग सून मला म्हणाली, "आत्याबाई, हा वढत न्हाई. तोंडात धरतो आन् तसाच ऱ्हातो. दूध बाहेर गळतं." तिची छाती दुधानं दगड झाली होती. मी पोराला बघितलं. पापण्या जड, चेहरा सपाट. पोरं झोपेतसुद्धा तोंड वेडंवाकडं करतात, हसतात. हा काहीच करत नव्हता.

बाजारपेठेतल्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं पोट दाबून पाहिलं, गॅस आहे म्हणाला, अशक्तपणा आहे म्हणाला, एक इंजेक्शन दिलं आणि पातळ औषध लिहून दिलं. गर्दी होती. त्यानं बाळाला काय खायला देता ते विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. घरी आल्यावर विहिणीनं मीठमिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पोर माझ्या मांडीवर निळं पडलं.

पिकअपमध्ये पुढं मी मुलाला घेऊन बसले. मागं ताडपत्रीवर, कांद्याच्या टरफलांत, विहीण आणि सून मुलीला घेऊन. मुलीला अंगावर पाजायचं होतं म्हणून तिला घरी ठेवता आलं नाही. ते एक बरं झालं. वाटेत मुलाचा श्वास दोनदा थांबला. मी दोन्ही वेळा फुंकर घातली. चालवणारा म्हणाला, "आजी, घाट उतरतोय, नीट धरा." मी त्याला म्हणाले, "तू पुढं बघ. माझ्याकडं नगं बघू."

नगरच्या दवाखान्यात त्यांनी पोर माझ्या हातातून घेतलं आणि काचेच्या दारापलीकडे नेलं. आम्ही बाहेर बाकावर. सून उभीच राहिली. विहिणीच्या मांडीवर मुलगी होती आणि ती कुरकुरत होती. आत काय चाललंय ते थोडं थोडं दिसत होतं. पोराच्या घशात नळी घातली, ती यंत्राला जोडली, आणि यंत्र त्याची छाती हलवायला लागलं. मी नजर काढून घेतली. परत विहिणीकडे पाहिलं तेव्हा मुलगी गप्प झाली होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आली. माझ्या मुलाच्याच वयाची असेल. तिनं पोराचं सगळं विचारलं. शी कधीपासून नाही, आवाज कधी बदलला, मान कधीपासून धरत नाही. सून सांगत होती. मग तिनं विचारलं, "आईच्या दुधाशिवाय काय दिलं? गुटी, मध, काहीही?"

"काय बी न्हाई," विहीण म्हणाली. "निस्तं आईचं दूध."

सून जमिनीकडे बघत राहिली. आईला खोटं कसं पाडायचं. मी मुलीकडे पाहिलं. तिच्या खालच्या ओठावर काहीतरी चमकत होतं. मी बोट लावलं. चिकट होतं. विहिणीच्या पिशवीचं तोंड उघडं होतं आणि आत फडक्यात गुंडाळलेली बाटली दिसत होती. पोर रडत होतं, गप्प करायला आत्ता, या बाकावर बसून तिनं बोट दिलं होतं.

"मध देतात," मी म्हणाले. "जन्मल्यापासून. रोज. मुलाला जास्त. आन् ह्या पोरीला आत्ताच दिलाय, हितं बसून."

विहिणीनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या तोंडावर थुंकले आहे. "तुमच्याकडं देत न्हाईत व्हय, ईनबाई?"

"देतात. म्हनून तर मला ठावं हाय तुमी बी देता ते."

डॉक्टरीणबाई ओरडली नाही. ती खाली वाकली आणि मुलीची पापणी पाहू लागली, मान हातात धरून पाहू लागली, ओठावर बोट लावून ती चोखते का ते पाहिलं. मग सुनेला विचारलं, "हिला शी कधी झाली?"

सुनेला आठवेना. सगळं ध्यान मुलाकडे होतं. मुलीचे लंगोट मी धूत होते. मला आठवलं आणि मी सांगितलं. मी धुतलेले शेवटचे कितीतरी लंगोट फक्त ओले होते.

"हिलाही आत घ्या," डॉक्टरीणबाईनं नर्सला सांगितलं.

नंतर तिनं आम्हाला नीट बसवून सांगितलं. मधात कधीकधी एका जंतूचं बी असतं. मोठ्या माणसाच्या पोटातून ते तसंच निघून जातं. एवढ्या लहान बाळाच्या आतड्यात मात्र ते रुजतं आणि विष सोडतं. त्या विषानं आधी आतडी मंदावतात, म्हणून शी होत नाही. मग पापण्या, मग गिळणं, मग मान आणि हातपाय, शेवटी श्वास. बाळ शुद्धीत असतं. मला ते लगेच समजलं. मुरमावर पडलेलं बी वाळून जातं, काळ्या रानात पडलेलं उगवतं.

"मंजी माझ्या मधात भेसळ हुती म्हनता का?" विहीण म्हणाली. "माझा भाऊ सोता झाडतो मोहळ. फुलोरी माशीचा हाय."

"भेसळ नव्हती, आजी. मध चांगलाच असेल. चांगल्या मधातही ते असतं, दुकानातल्या बाटलीतही असू शकतं. वासानं, चवीनं, रंगानं कळत नाही."

"उकळून दिला असता तर?" मी विचारलं.

"उकळूनही ते बी मरत नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाला मध द्यायचाच नाही. बोटभर नाही, गुटीत नाही, चोखणीला लावून नाही. वर्षानंतर द्या. खोकल्याला तुम्ही स्वतः घ्या, साखर नसेल तर."

विष उतरवायचं औषध आहे का, हे सुनेनं विचारलं. बाहेरच्या देशात आहे, इथं हाताशी नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाली. यंत्रावर श्वास चालू ठेवायचा, नळीनं दूध द्यायचं आणि नसा पुन्हा जाग्या होण्याची वाट बघायची. आणि ही तपासणी इथं होत नाही, म्हणून मधानंच झालं असं लिहून देता येणार नाही, हेही तिनं सांगितलं. मातीधुळीतूनही ते बी पोटात जातं. हे तिनं सांगितलं नसतं तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं. विहिणीनं तेवढाच शब्द धरला. "बघा, धुळीनं बी हुतं. आमच्याकडं धूळ काय कमी हाय?"

"धूळ तुमी बोटानं चाटवत न्हवता," मी म्हणाले.

त्यानंतर विहीण खाली गेली ती वर आली नाही. दवाखान्याच्या आवारात एक लिंबाचं झाड आहे, त्याच्याखाली नातेवाईक अंथरूण टाकतात. ती तिथं बसायची. मी तिला भाकर नेऊन द्यायचे. ती भाकर फडक्यात बांधून ठेवायची आणि कुत्र्याला टाकायची. एकदा म्हणाली, "ईनबाई, मी कितीक लेकरांना दिलाय. कुनाला काय झालं न्हाई."

"झालं आसंल. पूर्वी पोरं अशीच जायची. कोन इचारत हुतं कशानं गेलं?"

हे बोलायला नको होतं असं सून नंतर म्हणाली. पण मी ते तिला दुखवायला बोलले नव्हते. माझ्या थोरल्या बहिणीचं एक पोर तिच्या सासरी असंच मऊ पडून गेलं होतं, मी नुसतं ऐकलं होतं. आम्ही म्हटलं बाहेरचं काहीतरी लागलं. आता मला माहीत नाही कशानं गेलं ते. कुणालाच माहीत नाही.

माझा मुलगा श्रीगोंद्याहून आला. उसाची काजळी अंगावर तशीच. जिना चढण्याआधी त्याला सासू दिसली आणि तो झाडाखालीच तिच्या अंगावर गेला. हात उचलला नाही, पण तोंड सोडलं. माणसं जमली. मी खाली जाऊन त्याचा दंड धरला.

"आये, तू मधी पडू नगं. हिनं माझी पोरं मारली."

"अजून मेली न्हाईत. आन् तुला बी मध चाटवला हुता. मीच. तू वाचलास ते माझ्या शहाणपनानं न्हवं. चल वर."

तो वर आला आणि काचेपाशी उभा राहून रडला. पुरुष रडतात तेव्हा त्यांना जागा करून द्यावी लागते. मी बाजूला झाले.

मग आम्ही सगळे एकाच गोष्टीची वाट बघत राहिलो, मुलीच्या शीची. हसू येईल, पण तसंच होतं. तिच्या पापण्या जड झाल्या होत्या, चोखणं कमी झालं होतं, नाकात दुधाची नळी होती. पण श्वास तिचा तिला जमत होता. डॉक्टरीणबाई म्हणाली, हिला लवकर आणलंत, आणि ज्या दिवशी पोट मोकळं होईल त्या दिवशी समजायचं की हिचं उताराला लागलं. सून तासातासाला लंगोट उघडून बघायची. माझा मुलगा कामावर येणाऱ्या नर्सबाईंना पहिलं तेच विचारायचा. ओल्या लंगोटाकडे बघून आमची तोंडं पडायची. शेजारच्या खाटेवरच्या पोराची आई आम्हाला वेडं समजत असेल. सून दूध काढून वाटीत द्यायची, नर्स ते नळीतून दोघांना घालायची. सुनेला दोन्ही पोरं दिसत होती आणि एकालाही छातीशी धरता येत नव्हतं.

मुलाचं काही हलत नव्हतं. यंत्र छाती वर करायचं, खाली करायचं. मी त्याच्या तळहातात बोट ठेवायचे. पोरं ते घट्ट धरतात, तो धरत नव्हता. एकदा मला वाटलं, करंगळी हलली. नर्सला बोलावलं. ती खूप वेळ उभी राहून बघत होती. तिला काही दिसलं नाही, पण ती मला नाही म्हणाली नाही.

यंत्रावर फार काळ राहिलेल्या पोराच्या छातीत पू धरतो, तसं झालं. ताप आला. औषधं बदलली. डॉक्टरीणबाईनं आम्हाला बोलावून सांगितलं की विषाचं आता उतरणीला लागलं असतं, नसा जागायला लागल्याही असत्या, पण छाती तेवढं थांबू देत नाही. ती खोटं बोलत नव्हती म्हणून मला ती आवडत होती. विहिणीच्या घरात तिच्यासारखं कुणी आधी बोललं असतं तर, असा विचार मी करत नाही. आशाताई बोललीच होती.

एका सकाळी नर्स पाळी बदलत होत्या तेव्हा मुलगा गेला. यंत्र चालू होतं म्हणून मला कळलंच नाही. छाती तशीच वर-खाली होत होती. त्यांनी यंत्र बंद केलं तेव्हा थांबली.

लहान पोराला जाळत नाहीत, पुरतात. माझ्या मुलानं आमच्या गावी नेऊन त्याला आमच्या बांधावर पुरलं. मी गेले नाही, सुनेजवळ कुणी हवं होतं. सूनही गेली नाही. तिच्यापुढं मुलगी होती. तिनं दूध काढलं, वाटीत घेतलं आणि सवयीनं दोन भाग करायला लागली. मी तिच्या हातातून वाटी घेतली आणि सगळं एकीसाठी दिलं. विहीण झाडाखाली बसूनच रडली. मी तिच्याजवळ बसले. दुपारी तिचा भाऊ तिला घेऊन गेला. जाताना तिनं वर काचेकडे पाहिलं. सून खिडकीत आली नाही. अजूनही ती माहेरी जात नाही.

वस्तीवर अजून मध मिळतो. मोठ्यांना खोकल्याला द्यायला काही हरकत नाही, मीही घेते. पण विहीण आता पोरांना देत नाही असं ऐकते, आणि तिच्या शेजारची जाऊ मात्र अजून देते असंही ऐकते. कुणाच्या घरी पाळणा हलला की मी जाते आणि सांगते. बायका तोंडावर हो म्हणतात. मी बांधापलीकडे गेल्यावर काय म्हणतात ते मला माहीत आहे.

मुलगा गेल्यानंतर बऱ्याच दिवसांनी मुलीला शी झाली. सुनेनं लंगोट हातात धरून सगळ्या वॉर्डाला दाखवला आणि मग भिंतीला टेकून खाली बसली. पुढं हळूहळू पापण्या उघडल्या, नळी निघाली, आणि एके दिवशी पोरगी अशी ओरडून रडली की शेजारची पोरं दचकली. कुणी तिला गप्प केलं नाही.

दोघांतली मुलगी जगली.